बाटलीआधी उकिरडा: मका करणाऱ्यांना कळकळीचं आवाहन



मक्याच्या पेरणीआधी कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा. बियाण्याच्या पिशव्यांपेक्षा बाटल्यांनीच फळ्या जास्त भरलेल्या दिसतील. जिवाणू खत, ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो, मायकोरायझा. ही मुळीला, ही काळोखीला, ही कणसाच्या वजनाला, असं सांगत सांगत बिल बियाण्याच्या किमतीच्या पुढं जातं. माणूस घरी येतो आणि पहिल्या पाण्याबरोबर सगळं एकदम सोडून मोकळा होतो. महिनाभरानं विचारलं की यातल्या कशाचा गुण आला, तर सांगता येत नाही.

या सगळ्या गोष्टी खोट्या आहेत असं माझं म्हणणं नाही. यातल्या काही फार कामाच्या आहेत, स्वस्त आहेत आणि सातारा-सांगलीच्या प्रत्येक मकेवाल्यानं वापराव्यात अशा आहेत. पण त्यांचा एक क्रम आहे. आधी उकिरडा, मग जिवाणूंचं पाकीट, आणि हे दोन्ही नीट झाल्यावर वाटलंच तर बाटली. आपल्याकडं हा क्रम उलटा झालाय. तो सुलटा करा, एवढंच मला सांगायचं आहे.

जिवाणू किती देतात, याचा हिशोब

एक क्विंटल मका तयार व्हायला ताटासकट साधारण दोन ते अडीच किलो नत्र लागतं. एकरी ३० क्विंटल धरले तर ६० ते ७५ किलो झालं. अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम हे जिवाणू हवेतलं नत्र धरतात हे खरं. पण रान चांगलं असेल, ओल असेल, तर हेक्टरी १५ ते २० किलो, म्हणजे एकरी ६ ते ८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नत्र असतं. म्हणजे जिवाणूंची नत्राची कमाई गोणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अनुदानामुळं युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तेव्हा युरियात वाचणारे पैसे शंभरेक रुपयांच्या पुढं जात नाहीत. ‘हे वापरा, युरिया बंद करा’ असं कुणी सांगत असेल तर हा हिशोब त्याच्यापुढं मांडा.

जिवाणूंचं खरं काम मुळीवर दिसतं. अ‍ॅझोस्पिरिलम मुळीजवळ वाढीची संप्रेरकं सोडतो, त्यानं तंतुमुळ्या जास्त फुटतात. मुळी पसरली की पावसानं आठ-दहा दिवस ताण दिला तरी पीक तग धरतं आणि टाकलेलं खत जास्त उचलतं. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्यांना आपण पीएसबी म्हणतो, ते जमिनीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात. डीएपीची गोणी १३५० रुपयांची आहे आणि तिच्यातला बराचसा स्फुरद त्या हंगामात पिकाला मिळतच नाही, आपल्या चुनखडीच्या रानात तर चुन्याशी बांधला जातो. म्हणून नत्रापेक्षा स्फुरदात जिवाणूंची मदत जास्त मोलाची आहे.

ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर या संशोधक बाईंनी गवतवर्गीय पिकांच्या मुळांतल्या जिवाणूंवर आयुष्यभर काम केलं. त्या देशात मका-गव्हासाठी अ‍ॅझोस्पिरिलमचे निवडक वंश २००९ पासून वापरात आहेत. तिथले शेतकरीही ते रासायनिक खताच्या जोडीनं वापरतात, खताच्या जागी नाही.

मका स्वतःचं नत्र स्वतः मिळवतो, असंही काही जण सांगतात. तसा मका जगात आहे, मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या डोंगराळ भागात. उंचच उंच वाढणारा तो गावरान वाण आहे. त्याच्या ताटावर हवेत फुटणाऱ्या मुळ्यांमधून चिकट द्रव गळतो आणि त्या द्रवात राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरतात. त्या मक्यातलं २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून येतं, असं २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. पण तो वाण तयार व्हायला फार महिने लागतात. आपल्या चार महिन्यांच्या संकरित मक्याला तो गुण नाही आणि कुठलीही बाटली तो गुण त्याला देऊ शकत नाही.

विरजणाला दूध लागतं

जिवाणू खत म्हणजे विरजण. चमचाभर विरजणानं पातेलंभर दही लागतं, पण पातेल्यात दूध असेल तर. रिकाम्या पातेल्यात कितीही चांगलं विरजण घाला, काही होत नाही. रानातलं दूध म्हणजे कुजलेलं शेणखत, पाचट, हिरवळीचं खत. जिवाणूंना जगायला कर्ब लागतो, आणि तो यातूनच येतो. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहा. तो ०.४ टक्क्याच्या आत असेल तर तुमच्या रानात दूध कमी आहे.

आता मुरघासाबद्दल. दुधाचा धंदा वाढला तसा फलटण, माण, खटाव, आटपाडी, खानापूर या भागात दाण्याऐवजी कुट्टीसाठी मका करणारे वाढले. दावणीला जनावरं आहेत, मुरघासानं वर्षभराची वैरण होते, हे उत्तमच आहे. पण दाण्याचा मका काढला तर ताटं तरी रानात राहतात. मुरघासाला मका कापला की जमिनीपासून वीतभर बुडखा सोडून सगळं बाहेर जातं. एकरी १५ टन हिरवी वैरण धरली तर वाळलेला माल पाच टन भरतो. त्यात टक्काभर पालाश धरा. म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या दोन गोण्यांइतका पालाश एका कापणीत रान सोडून जातो. आपण पेरताना देतो किती? शिफारशीप्रमाणं दिला तरी अर्ध्या गोणीच्या जरा वर. असं वर्षातून दोनदा, सलग पाच वर्षं केलं की रान उतरतं. मग आपण म्हणतो वाण खराब निघाला.

तो पालाश कुठं जातो? बहुतेक सगळा जनावराच्या शेणात आणि मुतात. म्हणजे आपल्याच गोठ्यात. मुरघास ज्या रानातून आला त्या रानात शेण परत गेलं, तर निम्मं काम झालं. पण शेण जातं उसाला किंवा द्राक्षाला, नाहीतर विकलं जातं, आणि मूत गटाराला. मुरघास विकणाऱ्या शेतकऱ्यानं तर हे जास्त ध्यानात घ्यावं. टनाचा भाव ठरवताना त्या टनाबरोबर जाणारं खत मोजा आणि त्यातले पैसे शेणखत विकत घ्यायला बाजूला ठेवा.

उकिरडाही नीट करायला हवा. उघड्यावर उन्हात पडलेला, पावसात धुपलेला ढीग म्हणजे शेणखत नव्हे. त्यातलं नत्र हवेत उडतं, पालाश पाण्याबरोबर वाहून जातो. खड्डा किंवा बांधीव हौद करा, सावलीला. थरावर थर द्या, ओल राखा, वरून मातीनं किंवा पाचटानं झाका. गोठ्याचं मूत त्यावर सोडा. ट्रायकोडर्मा घालायचा असेल तर तो इथंच घाला. चांगल्या कुजलेल्या खतात तो वाढतो आणि रानात गेल्यावर मर-कुजीच्या बुरशीला आळा घालतो. मुठीत धरून दाबलं की खत सुटं राहावं, हाताला ओल लागावी, आणि वास पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा यावा. घाण वास येत असेल, शेणाच्या गोवऱ्या तशाच दिसत असतील, तर ते खत अजून तयार नाही. कच्चं खत रानात गेलं की हुमणी आणि तण घेऊन येतं.

एकरी चार-पाच टन कुजलेलं खत ही शिफारस जुनीच आहे. एवढं सगळ्यांना जमत नाही हे मला माहीत आहे. मग आहे तेवढं सरीत द्या, सगळ्या रानात भुरभुरवू नका. आणि ज्यांच्याकडं ऊस आहे, त्यांनी पाचट पेटवणं बंद करा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून ते सरीतच कुजवा. खोडवा मोडून मका करणार असाल तर तुमच्या रानात दूध आधीच आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर अनेक वर्षं हेच लिहीत, सांगत आले आहेत: पिकाचे अवशेष आणि मुळं जागच्या जागी कुजू द्या, जमिनीतले जिवाणू आपलं काम करतील.

ज्याचं रान त्याचा उपाय

सातारा-सांगलीची जमीन एकसारखी नाही. जावळी, पाटणच्या पट्ट्यात पाऊस भरपूर आणि माती तांबडी, आम्लधर्मी. तिथं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो आणि नत्र पावसाबरोबर वाहून जातं. तिथं युरिया तीन हप्त्यांत विभागून देणं हे कुठल्याही जिवाणूपेक्षा जास्त गुण देईल.

माण, खटाव, जत, आटपाडीत पाऊस कमी, रान मुरमाड, चुनखडीचं. तिथं पीएसबी लागतोच. पण चुना भरपूर असला की जिवाणूंनी तयार केलेलं आम्लही लगेच शमतं. म्हणून पीएसबी नुसता पाण्यातून सोडू नका. शेणखतात मुरवून सरीत, मुळीच्या जवळ द्या. याच रानात जस्ताची कमतरता असते. मक्याच्या कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढुरके पट्टे दिसले की समजा. जस्त विरघळवणारे जिवाणू आहेत, पण जमिनीत जस्तच कमी असेल तर ते विरघळवणार काय? एकरी ८ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. सुपर फॉस्फेटबरोबर एकत्र देऊ नका.

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागातल्या क्षारपड रानांबद्दल स्पष्टच सांगतो. जिथं वरती पांढरा थर येतो आणि पाणी मुरत नाही, तिथं जिवाणूंवर एक रुपयाही घालवू नका. क्षार मक्याला सोसत नाही. तिथं आधी निचरा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं क्षारपड जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, तिथं जाऊन विचारा. माती परीक्षणानुसार जिप्सम, ताग-धैंचा गाडणं, पाण्याची सवय बदलणं, हे आधी. मका नंतर.

मायकोरायझाचं थोडं वेगळं आहे. ही बुरशी मुळीत शिरून लांबवर धागे पसरते आणि स्फुरद, जस्त, पाणी ओढून आणते. मक्याचं आणि तिचं चांगलं जमतं. पण कोबी-फ्लॉवरवर ती जगत नाही. कोबीनंतर किंवा बरेच महिने पडीक राहिलेल्या रानात मका करणार असाल तर तिचा उपयोग दिसतो. डीएपी भरपूर ओतलेल्या बागायती रानात ती आळशी होते, तिथं पैसे वाचवा.

पाकीट वापरायची रीत

मक्याला एकरी ६ ते ८ किलो बी लागतं. किलोला २५ ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर आणि २५ ग्रॅम पीएसबी, किंवा द्रवरूप असेल तर प्रत्येकी १० मिली. गुळाचं कोमट झालेलं पाणी थोडं घ्या, त्यात पाकीट कालवा, गोणपाटावर बी पसरून हलक्या हातानं चोळा. बियाचं साल निघता कामा नये. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टोकणी करा. सकाळी चोळलेलं बी दुपारी उन्हात बांधावर ठेवलं, तर जिवाणू तिथंच मेले असं समजा.

पण एक अडचण आहे, ती फार कमी जण सांगतात. कंपनीचं संकरित बी बहुतेक वेळा लाल-गुलाबी रंगाचं, बुरशीनाशक-कीटकनाशक लावलेलं येतं. त्यावर जिवाणू चोळले तर त्यातले बरेच टिकत नाहीत. अशा वेळी बियाला लावायचा आग्रह सोडा. प्रत्येकी २ किलो जिवाणू खत १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओल द्या, गोणपाटानं झाकून आठवडाभर सावलीत ठेवा आणि पेरताना वाफशावर सरीत टाकून लगेच मातीनं झाका. रासायनिक खताशी ते कालवू नका. खत एका बाजूला खाली, जिवाणू मुळीच्या बाजूला.

जीवामृत करत असाल तर करा. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ आणि २०० लिटर पाणी. जीवामृताच्या एका पिंपात मक्याच्या पोटापुरतं अन्न नसतं, त्यात जिवाणूंना जागं करणारी शिदोरी असते. शेणखत आणि आच्छादन असलेल्या रानातच त्याचा गुण येतो.

पोंग्यातल्या लष्करी अळीचं इथं थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये ती कर्नाटकातून आली आणि अजून गेलेली नाही. पानावर छोट्या खिडक्या दिसू लागल्या, अळी बारीक असली, की मेटारायझियम किंवा नोमुरिया या बुरशी लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, थेट पोंग्यात फवारा. हवेत ओल असेल तर चांगलं काम करतात. अळी मोठी होऊन पोंग्यात भुस्सा दिसू लागल्यावर त्या फवारून उपयोग नाही. तेव्हा कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्यानंच औषध घ्या.

विकत घेताना

जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. म्हणून पाकिटावर जिवाणूचं नाव, संख्या, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, बॅच नंबर हे सगळं असायलाच हवं. पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवाणू असावेत, असा नियम आहे. शेवाळाचे अर्क, ह्युमिक, अमिनो ही जैव-उत्तेजकंही २०२१ पासून याच आदेशात आली. ट्रायकोडर्मा, मेटारायझियम यांना कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक लागतो. बाटलीवर नुसतंच ‘सेंद्रिय’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं मोठ्या अक्षरांत असेल आणि आत काय आहे ते नसेल, तर ती खाली ठेवा.

दुकानात पाकिटं कुठं ठेवलीत तेही पाहा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली तापलेलं पाकीट तारखेत बसलं तरी मेलेलं असू शकतं. पक्कं बिल घ्या आणि एक सीलबंद पाकीट तसंच ठेवा. गुण आला नाही, शंका वाटली, तर पंचायत समितीच्या कृषी विभागाकडं किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करा. विद्यापीठाची पाकिटं मिळत असतील तर ती आधी बघा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जिवाणू खतं तयार होतात. बोरगाव, कालवडे, कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा.

स्वतःच्या रानात पाहा

शेवटी मला सर्वांत जास्त हे सांगायचं आहे. शेजाऱ्याच्या, दुकानदाराच्या आणि माझ्याही शब्दावर विसंबू नका. या हंगामात तुमच्या मक्याच्या मधोमध आठ सऱ्या राखा. तिथं सगळं तेच करा, फक्त नवं जे वापरताय ते देऊ नका. दोन्हीकडं बी एकाच दिवशी, पाणी एकाच वेळी. पंचवीस-तीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच ताटं कुदळीनं हळूच उपटा, मुळं पाण्यात धुवा आणि शेजारी शेजारी ठेवा. बारीक मुळ्या कुठं जास्त आहेत, त्यांना माती चिकटून कुठं येते, ते दिसेल. काढणीला दोन्हीकडची कणसं वेगळी मोजा आणि वेगळी तोला.

मग युरियाला हात घाला. शिफारस एकरी ४८ किलो नत्राची आहे, म्हणजे सव्वादोन गोण्यांच्या वर. पहिल्या वर्षी आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त कमी करू नका, आणि तेही दोन सऱ्यांत करून पाहा. शेणखत भरपूर टाकणाऱ्याला पुढच्या वर्षी आणखी कमी करता येईल. रान रिकामं असणाऱ्यानं घाई केली तर मका पिवळा पडेल आणि दोष जिवाणूंना लागेल.

गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून हे केलं, एकानं मायकोरायझा, दुसऱ्यानं पीएसबी, तिसऱ्यानं ह्युमिक अशी वाटणी केली आणि काढणीनंतर सगळे तोलाचे आकडे घेऊन पारावर बसले, तर एका हंगामात गावाला कळेल की आपल्या मातीत काय चालतं. ही माहिती कुठल्या दुकानात मिळत नाही. येत्या पेरणीला खताचं बिल करण्याआधी एवढं करा: मातीचा नमुना द्या, उकिरडा झाका, शेण मक्याच्या रानात परत न्या, ताज्या जिवाणूंची दोन पाकिटं घ्या आणि आठ सऱ्या राखा. बाकीच्या बाटल्यांचा विचार काढणीच्या आकड्यांवरून पुढच्या हंगामात करा.